खाडीचं मीठ आणि कार्बनचं कापड

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघालं, की डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खाडी अशी सोबत मिळते. गायमुखचा घाट उतरून चेणे मागे पडलं की वरसावे येतं. नाक्याला सगळेच ‘फाउंटन’ म्हणतात, तिथल्या हॉटेलामुळे. इथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. उजवीकडे वळलं की समोर वसईची खाडी आणि तिच्यावर एकाशेजारी एक उभे असलेले पूल. इंग्रजी वर्तमानपत्रं याला ‘वर्सोवा ब्रिज’ म्हणतात, त्यामुळे दरवेळी मुंबईत थोडा गोंधळ उडतो. अंधेरीकडच्या कोळ्यांचं वेसावे वेगळं आणि मिरा-भाईंदरच्या हद्दीतलं हे वरसावे वेगळं. घोडबंदरचा किल्ला इथून हाकेच्या अंतरावर आहे. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी पलीकडची वसई घेतली. तेव्हा ही खाडी होडीने ओलांडावी लागे. आज गुजरातेतून येणारा दुधाचा टँकर, उरणच्या बंदरातून निघालेला कंटेनर आणि वसई-विरारहून रोज ठाण्याला कामावर जाणारा माणूस, तिघांनाही हे पूल लागतात.

२०१३ च्या डिसेंबरात इथल्या जुन्या पुलाच्या तुळईला तडा गेल्याचं दिसलं आणि जड वाहनं बंद झाली. दुरुस्ती होऊन पूल पुन्हा सुरू झाला. २०१६ च्या सप्टेंबरात पुन्हा तडा, पुन्हा बंदी. त्या काळात ज्यांनी हा रस्ता रोज कापला, त्यांना दहिसरपासून लागलेल्या रांगा आठवत असतील. ट्रकवाल्यांना चिंचोटी-कामण-भिवंडीचा वळसा घ्यावा लागला आणि तो रस्ता इतक्या भारासाठी बांधलेलाच नव्हता. अखेर नव्या चौपदरी पुलाचं भूमिपूजन २०१८ च्या जानेवारीत झालं आणि तो २०२३ च्या मार्चअखेरीस वाहतुकीसाठी खुला झाला. मधली नऊ-दहा वर्षं सारी भिस्त जुन्या, दुखऱ्या तुळईवर आणि तिच्या शेजारच्या दुसऱ्या पुलावर होती.

नवा पूल झाला, रांगा कमी झाल्या, माणसं तो तडा विसरली. पण त्या तड्याने विचारलेला प्रश्न तसाच आहे. काँक्रीट म्हातारं होतं. ते पाडून नवं बांधायला पाच वर्षं लागतात आणि तेवढा काळ जुन्यालाच काम करावं लागतं. मग त्याला जोर कुठून आणायचा? या प्रश्नाची उत्तरं बरीच आहेत: बाहेरून पोलादी तारा ताणून बसवणं, खांबाभोवती नवं काँक्रीट ओतणं, पोलादी पत्रा चढवणं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली. काळं, चकचकीत, शिंप्याच्या दुकानात शोभेल असं कापड. साइटवर त्याला ‘कार्बन रॅपिंग’ म्हणतात. हा लेख त्या कापडाविषयी आहे. ते फार चांगलं आहे. आणि ज्या जागी ते लावू नये, त्या जागीही ते लावलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी तड्याचा अर्थ समजून घेऊ. साध्या सळयांच्या काँक्रीटमध्ये केसाएवढी भेग ही सहसा घाबरण्याची गोष्ट नसते. काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला दुबळं. ताण सळईने घ्यायचा, तो घेताना ती किंचित लांबते आणि भोवतालचं काँक्रीट चिरतं. मोठ्या पुलाची पूर्वताणित तुळई वेगळी. तिच्या पोटात पोलादी तारांच्या केबली जोरात ताणून अडकवलेल्या असतात. त्या केबली काँक्रीटला सतत आवळून धरतात, म्हणून वरून ट्रक गेला तरी तळाशी ताण येत नाही, फक्त आवळणं थोडं सैल होतं. अशा तुळईत भेग दिसली, तर आतला आवळ कुठेतरी कमी झाला असण्याची शंका घ्यावी लागते. केबल गंजली असेल, केबलीच्या नळीतला सिमेंटचा मसाला (ग्राउट) नीट भरला नसेल किंवा भार हिशेबाबाहेर गेला असेल. म्हणून अभियंते अशी भेग पाहिली की आधी वाहतूक थांबवतात आणि मग बोलतात. ते बरोबरच आहे.

गोव्याच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. पणजीचा मांडवी पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुरती सोळा वर्षंही नाहीत. खाऱ्या हवेत आतल्या ताणाच्या तारा गंजल्या होत्या. पुढची काही वर्षं गोवेकरांनी पुन्हा फेरीबोटीतून मांडवी ओलांडली. झुआरीच्या जुन्या पुलावर तर वर्षानुवर्षं जड वाहनांना बंदी होती. वाशीच्या पहिल्या ठाणे खाडी पुलालाही बाहेरून ताणाच्या तारा घालून आधार द्यावा लागला. मांडवी, झुआरी, ठाण्याची खाडी, वसईची खाडी. या चारही ठिकाणी काँक्रीटला खारं पाणी आणि खारा वारा सोसावा लागला.

भाईंदरचं आणि मिठाचं नातं जुनं आहे. लोकलमधून भाईंदरच्या आसपास मिठागरं दिसतात; भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हावर सोडायचं आणि मागे राहिलेलं मीठ ओढायचं, हा धंदा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्या वाऱ्याने आणि पाण्याने हे मीठ दिलं, तेच इथल्या इमारतींच्या खांबांत शिरतं. काँक्रीटचा स्वभाव तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती शांत राहते. मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत जातं आणि सळईपाशी पुरेसं साचलं, की तो थर जागोजाग फोडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या बाजूने काँक्रीटची अल्कधर्मिता कमी करत आणतो. मग गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पटीने जास्त जागा मागतो आणि ती जागा तो वरचं काँक्रीट उचकटून मिळवतो. गच्चीखालच्या स्लॅबचे पोपडे पडतात, खांबावर सळईच्या रेषेत उभी भेग दिसते, हातोडी मारली तर बद्द आवाज येतो. मिरा रोड-भाईंदरमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या इमारतींत राहणाऱ्या कुणालाही हे वर्णन नवं नाही.

घोडबंदरच्या किल्ल्याच्या भिंती याच खाडीकाठी शतकानुशतकं उभ्या आहेत. त्या दगड-चुन्याच्या आहेत आणि त्यांच्या पोटात लोखंड नाही. काँक्रीटला आपण लोखंडाचा कणा दिला, म्हणून ते खाडीवर दूरवर झेपावू शकलं. त्याच कण्याला मीठ धरतं.

आता कापडाकडे. स्वेटर विणायला जी ॲक्रिलिक लोकर वापरतात, तिच्याच कुळातल्या धाग्यापासून बहुतेक कार्बन तंतू तयार होतात. तो धागा आधी दोन-तीनशे अंश सेल्सियसला हवेत भाजून स्थिर करतात, मग हवा काढून टाकून हजार अंशांच्या पुढे तापवतात. बाकी सगळं उडून जातं, कार्बन उरतो आणि त्याचे थर धाग्याच्या दिशेने रांगेत लागतात. या रीतीचा पाया १९६० च्या आसपास जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी घातला. एक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. बांधकामातली नेहमीची सळई दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणाला नमते. हा तंतू साडेतीन हजारांहून अधिक सोसतो. वजन मात्र पोलादाच्या पावपटीहून कमी. आणि तो गंजत नाही. खाडीकाठच्या माणसाला हे शेवटचं वाक्य ऐकून हुरूप येणं स्वाभाविक आहे.

पुलासाठी या तंतूंचा पहिला मोठा उपयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला. लुसर्नजवळच्या इबाख पुलावर वाहतुकीचे दिवे बसवताना भोकं पाडणाऱ्या यंत्राने तुळईतल्या ताणाच्या तारा चुकून कापल्या. १९९१ मध्ये तिथे कार्बनच्या पट्ट्या तुळईच्या तळाला चिकटवल्या. पोलादी पट्ट्या वापरल्या असत्या तर १७५ किलो लागल्या असत्या, कार्बनच्या ६.२ किलो पुरल्या. मग ८४ टनांचं वाहन उभं करून पूल तपासला. या कामामागे उर्स मायर आणि झुरिकजवळच्या एम्पा या संस्थेचं अनेक वर्षांचं संशोधन होतं. इकडे जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात उन्नत महामार्गाचा सलग भाग खांबांसकट आडवा झाला आणि त्यानंतर तिथे हजारो खांबांना पोलादी आणि कार्बनचं वेष्टन चढवण्याचं काम सुरू झालं.

तुळईच्या तळाला पट्टी लावणं आणि खांबाभोवती कापड गुंडाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुळईला पट्टी लावली की ती जादा सळईसारखी ताण घेते. खांबाचं गणित निराळं, आणि ते समजण्यासाठी सुताराकडे जावं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. ती आक्रसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना एकजीव आवळून धरते. लाकडाला बाहेर फाकायला जागाच उरत नाही. काँक्रीटच्या खांबावर वरून भार आला की तोही आडवा फुगतो आणि फुगता फुगता उभ्या भेगांनी फुटतो. त्याला फुगू दिलं नाही, तर तो कितीतरी जास्त भार घेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या कॉन्सिदेर यांनी खांबात सर्पिल सळई घालून हे दाखवलं. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँक्रीटच्या नळकांड्यांना बाजूने द्रवाचा दाब देऊन मोजमाप केलं. बाजूचा दाब एक एकक वाढला, तर खांबाची दाब सोसण्याची ताकद सुमारे चार एककांनी वाढते, असा तो आकडा निघाला. पुढची सगळी सूत्रं त्याचीच लेकरं आहेत.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. गाडीची धाव बसल्याक्षणी आवळते. कार्बनचं कापड तसं आवळत नाही. ते सैलही नसतं आणि घट्टही नसतं, ते नुसतं चिकटून बसतं. खांब फुगू लागेल तेव्हाच ते ताणलं जातं आणि मग खांबाला धरतं. म्हणून रॅपिंग केल्याच्या दुसऱ्या दिवशी खांबावरचा भार हलका झालेला नसतो. जो भार आधीपासून होता तो तसाच आहे; कापड पुढच्या जादा भारासाठी, भूकंपाच्या धक्क्यासाठी राखीव उभं आहे. चालू भारानेच खांब चिरडत असेल, तर आधी जॅक लावून, टेकू देऊन भार उतरवावा लागतो आणि मग वेष्टन करावं लागतं.

हिशेब करून पाहू. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं कापड घेतलं, तर त्यातल्या निव्वळ कार्बनची जाडी सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. वहीची दोन पानं एकत्र केली तर जवळपास तेवढीच होतील. खांब गोल, ३०० मिलिमीटर व्यासाचा, जुन्या एम-२० प्रतीच्या, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणाऱ्या काँक्रीटचा. त्याच्याभोवती या कापडाचा एक थर. अमेरिकी काँक्रीट संस्थेच्या मार्गदर्शिकेच्या पद्धतीने ढोबळमानाने मांडलं, तर बाजूचा दाब दर चौरस मिलिमीटरला दोन न्यूटनच्या आसपास येतो आणि काँक्रीटची ताकद २० वरून २६ च्या घरात जाते. दोन पानांच्या जाडीत जवळजवळ तिसरा हिस्सा जादा. हे पाहिल्यावर कुणालाही वाटेल, की मग आपल्या इमारतीच्या सगळ्याच खांबांना गुंडाळून टाकू या.

इथेच थांबायला हवं, कारण आपल्या इमारतींचे खांब गोल नसतात. मुंबई परिसरात खांब भिंतीत लपवायचा असतो, खोलीत पुढे आलेला चालत नाही. म्हणून तो नऊ इंच रुंद आणि दोन फूट किंवा त्याहून लांब, असा फळीसारखा असतो. चौकोनी खांबाला कापड गुंडाळलं की ते फक्त कोपऱ्यांवर आवळतं; सपाट बाजू बाहेर फुगायला जवळजवळ मोकळ्या राहतात. चौरस खांबाला निदान काही लाभ होतो. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त झाली, तर त्याच मार्गदर्शिकेनुसार दाबाची ताकद वाढल्याचं खास चाचणीशिवाय हिशेबात धरताच येत नाही. नऊ इंच बाय दोन फूट म्हणजे अडीच पटीहून जास्त. अशा खांबाला रॅपिंग केल्याने कातरबल सोसण्यात मदत होते, पण उभा भार पेलण्याची ताकद वाढली असं म्हणता येत नाही. मिरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे, डोंबिवली, सगळीकडे असेच खांब आहेत. माझ्या मते या पूर्ण विषयातली हीच गोष्ट आपल्या गावी सर्वांत आधी सांगायला हवी. पुलाच्या गोल खांबाचं यश दाखवून घराच्या फळीखांबाला कापड विकलं जाऊ नये.

दुसरी अडचण काँक्रीटच्या जातीची. आपलं नेहमीचं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, कारण त्यात ठाणे-पालघरच्या खाणीतली काळ्या कातळाची खडी असते. हलकं काँक्रीट म्हणजे ज्यात खडीऐवजी सच्छिद्र दाणा असतो: भाजून फुगवलेली माती, ज्वालामुखीचा प्युमिस दगड किंवा औष्णिक वीजकेंद्रातली राख भट्टीत भाजून केलेल्या गोळ्या. ते घनमीटरला अठराशे किलोच्या आसपास किंवा त्याहूनही हलकं असतं. रोमच्या पँथिऑनच्या घुमटात वरच्या भागात प्युमिस घातला आहे. नॉर्वेतल्या १९९८ च्या स्टोल्मा पुलाचा मधला गाळा ३०१ मीटरचा आहे आणि त्याच्या मध्यभागात हलकं काँक्रीट वापरलं, म्हणूनच तो दोन्ही बाजूंनी तेवढा झेपावू शकला. राखेच्या गोळ्यांसाठी आपल्याकडे २०१८ पासून भारतीय मानक आहे. डहाणूसारख्या वीजकेंद्रांची राख आणि नदीपात्रं व डोंगर पोखरून होणारा खडी-रेतीचा उपसा पाहिला, तर असं काँक्रीट इथे वाढावं असंच मला वाटतं. भिंतीच्या ज्या हलक्या ब्लॉकना मिस्त्री सर्रास ‘सिपोरेक्स’ म्हणतात ते मात्र वेगळे. त्यांच्यावर इमारतीचा भार नसतो आणि हा लेख त्यांच्याविषयी नाही.

हलक्या आणि नेहमीच्या काँक्रीटला एकच कापड गुंडाळलं तर फळ सारखं मिळत नाही. याचं कारण दाण्यात आहे. नेहमीच्या काँक्रीटमध्ये खडी कणखर आणि सिमेंटचा मसाला तिच्यापेक्षा दुबळा. भेग खडीला वळसा घालून जाते, खडबडीत होते, तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढतात आणि खांब चांगलाच फुगतो. तो फुगला की कापड ताणलं जातं. हलक्या काँक्रीटमध्ये दाणाच दुबळा. भेग दाण्याला आरपार कापत सरळ जाते, दाणा आतल्या आत चुरतो आणि खांब तितका फुगत नाही. कापड वाट पाहत राहतं. शिवाय बाजूने दाब आला तरी सच्छिद्र दाणा त्या दाबाखाली चेपतो. म्हणून रिचर्टचा तो चौपटीचा आकडा हलक्या काँक्रीटला जसाच्या तसा लावला, तर कागदावरची ताकद खांबात उतरत नाही.

तरीही हलक्या काँक्रीटला कापड व्यर्थ असतं असं नाही. ते काँक्रीट फुटताना एकदम फुटतं. ताकदीचं शिखर गाठलं की कड्यावरून पडावं तसं कोसळतं. वेष्टन असलं की चुरलेलं काँक्रीट जागेवर धरलं जातं, खांब वाकतो, दबतो, पण उभा राहतो. भूकंपात माणसांना बाहेर पडायला जे मिनिट लागतं, ते अशा धरून ठेवण्यातून मिळतं. म्हणजे नेहमीच्या काँक्रीटला वेष्टनातून ताकद आणि सहनशक्ती दोन्ही मिळतात. हलक्याला ताकद थोडी कमी, सहनशक्ती भरपूर. तुळईच्या तळाला पट्टी चिकटवताना मात्र हलक्या काँक्रीटबाबत अधिक जपावं लागतं. त्याची ताणशक्ती कमी असल्याने गोंद सुटत नाही, गोंदाबरोबर काँक्रीटचा पापुद्राच निघून येतो.

आता प्रत्यक्ष काम. साइटवर उभं राहून ते पाहिलं, तर कापड गुंडाळायला लागणारा वेळ सगळ्यांत कमी असतो. आधी खांबावरचा गिलावा काढतात. बद्द वाजणारं सगळं काँक्रीट तोडतात, सळईच्या मागेपर्यंत. सळई घासून चकचकीत करतात. फार झिजली असेल तर जोडसळई घालतात. फिनॉल्फ्थेलिन फवारतात: जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो, जिथे रंग येत नाही तिथलं संरक्षण संपलेलं असतं. मग दुरुस्तीचा मसाला भरतात, भेगांत इपॉक्सी सोडतात, ग्राइंडर फिरवून पृष्ठभाग सपाट करतात. चौकोनी खांबाचे कोपरे निदान १३ मिलिमीटर त्रिज्येने गोल करतात, कारण धारदार कोपऱ्यावर कार्बनचा तंतू तुटतो. हा तंतू सळईसारखा आधी लांबून इशारा देत नाही. दीडेक टक्का ताणला की एकदम तुटतो. मग प्रायमर, मग रोलरने इपॉक्सी, त्यावर कापड, पुन्हा रोलर, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून धाग्याच्या दिशेने दाबत दाबत. शेवटच्या ओल्या थरावर बारीक रेती मारतात, म्हणजे पुढचा गिलावा धरतो. जून ते सप्टेंबर वरसाव्याच्या हवेत हे काम करायचं, तर पृष्ठभाग खरोखर कोरडा आहे का हे दर सकाळी मोजावं लागतं. दमट काँक्रीटवर इपॉक्सी चिकटल्यासारखं दिसतं आणि काही महिन्यांनी सुटतं.

काम झाल्यावरची ओढचाचणी सगळ्यात बोलकी. पृष्ठभागावर लोखंडी चकती चिकटवतात, भोवती काप देतात आणि यंत्राने ती सरळ ओढतात. दर चौरस मिलिमीटरला निदान १.४ न्यूटन ताण सोसून, आणि गोंदातून न सुटता काँक्रीटमधूनच तुटली, तर काम नीट. त्याआधीच निघाली तर वरचं कापड कितीही भारी असो, खालचा पाया कच्चा आहे.

यापलीकडे दोन गोष्टी कंत्राटाच्या कागदांत क्वचित लिहिलेल्या असतात. कार्बन वीज वाहतो, आणि ओल्या खाऱ्या जागी तो पोलादाला थेट टेकला तर पोलाद अधिक वेगाने गंजतं. म्हणून उघड्या सळईला किंवा पोलादी भागाला तो लागू नये, मध्ये काचतंतूचा थर द्यावा. दुसरी, आग. तंतू टिकतो, पण त्याला धरणारं इपॉक्सी साठ-ऐंशी अंश सेल्सियसलाच मऊ पडू लागतं. आग लागली तर कापडाची मदत काही मिनिटांत संपते. म्हणून नियम असा, की कापड नाहीच असं धरलं तरी इमारत आपल्या रोजच्या भाराखाली उभी राहिली पाहिजे. जो खांब केवळ कापडाच्या भरवशावर उभा असेल, त्याच्या डोक्यावर माणसं राहू देऊ नयेत.

आणि मीठ? ते कापडाखाली तसंच राहतं. वेष्टनाने नवं पाणी आणि हवा आत जाणं मंदावतं, पण आधीच सळईपाशी साचलेलं क्लोराइड कुठेही जात नाही. फक्त फुटलेला तुकडा काढून नवा मसाला भरला, तर कित्येकदा नव्या-जुन्याच्या सीमेवरच गंज जोराने सुरू होतो. त्यावर जस्ताचे तुकडे सळईला बांधून ठेवण्याचा उपाय आहे. जस्त स्वतः झिजतं आणि सळई वाचते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजाच्या तांब्याच्या पत्र्यासाठी शोधलेलीच ही युक्ती. पण वरून काळं कापड आणि त्यावर रंग चढला, की सळईच्या रेषेतली ती उभी भेग, जी रहिवाशाला सगळ्यात आधी सावध करते, दिसेनाशी होते. मूळ दुखणं न काढता केलेलं रॅपिंग या कारणाने न केलेल्यापेक्षा वाईट. पुलांसाठी भारतीय रस्ते महासभेची दुरुस्ती-मजबुतीकरणाची मार्गदर्शिका आहे, तिथे निदान तपासणारे अभियंते असतात. सोसायटीच्या खांबाला तपासणारं कुणी नसतं; सचिव, खजिनदार आणि जो सर्वांत स्वस्त बोली लावेल तो.

महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेणं आपल्यावर बंधनकारक आहे. मिरा-भाईंदरमध्ये अशा इमारती आता गल्लोगल्ली आहेत. परीक्षणाच्या अहवालात ‘कार्बन रॅपिंग’ असे शब्द आले, तर घाबरू नका आणि भुलूही नका. खांबाची लांबी-रुंदी टेपने स्वतः मोजा. गाभ्याचे नमुने काढून काँक्रीटची ताकद आणि क्लोराइड तपासलं का, ते विचारा. हिशेबाची प्रत मागा. तो हिशेब गोल खांबाचा आहे की आपल्या खांबाचा, ते दुसऱ्या अभियंत्याला दाखवून घ्या. गिलावा फोडून सळई उघडी केल्याच्या दिवशी, एक दिवस कामावर दांडी मारावी लागली तरी चालेल, खाली उतरून ती सळई डोळ्यांनी पाहा, फोटो काढून ठेवा. आणि रंगाचा पहिला हात लागण्याआधी ओढचाचणीचा कागद हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचा. तो १.४ च्या खाली असेल, तर पैसे देऊ नका.